नागपूरच्या उन्हाळ्यातलं टायट्रेशन

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी पाणी आणि फळांचे रस तपासते. परीक्षा आटोपल्या की नुकतीच बीएससी झालेली पोरं-पोरी आमच्याकडे कामाला येतात. टायट्रेशन (एका द्रावणाला किती पुरतं ते मोजत तीव्रता माहीत असलेलं दुसरं द्रावण घालून पहिल्याची तीव्रता काढणं) येतं का विचारलं, तर सगळ्यांनाच येतं. बारावीपासून केलेलं असतं: आधी अंदाजाचं पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग, तिन्ही अगदी सारखी आणि शेवटी सी.बी.आर.ची, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंगची, चौकट. मी त्यांना लगेच ब्युरेटला, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडायच्या खुणांच्या काचनळीला, हात लावू देत नाही. कपाटातली कॉस्टिकची (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची) बाटली पुढे ठेवते आणि विचारते, याची खरी नॉर्मलिटी, म्हणजे तीव्रता, किती? मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा म्हणाला, "मॅडम, बाटलीवर तं ०.१ लिहून आहे न, मग पुन्हा काहून काढायची?"

लिहून आहे ते दिसतंय. पण कोणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि त्या दिवशी लॅबमध्ये तापमान किती होतं? टायट्रेशनमधली बरीचशी गडबड ब्युरेट भरायच्या आधीच होऊन गेलेली असते. नागपुरात तर जास्तच, कारण इथे डिसेंबरच्या सकाळी लॅब गारठलेली असते आणि नवतप्यात, मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, त्याच टेबलावर चाळिशी गाठते. म्हणून मी आधी प्रमाण द्रावण, म्हणजे तीव्रता नक्की माहीत असलेलं द्रावण, शिकवते, ब्युरेट नंतर.

वजन

वजन करून विरघळवलं की ज्याची तीव्रता थेट सांगता येते, असे पदार्थ थोडे असतात. त्यांना प्राथमिक प्रमाण म्हणतात. कॉस्टिक त्यात बसत नाही: ते हवेतलं पाणी ओढतं, कार्बन डायऑक्साइडही ओढतं. जुलैत डबा उघडून गोळ्या वॉच ग्लासवर घ्या, वजनाचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. तेव्हा कॉस्टिकचं द्रावण अंदाजे करायचं आणि त्याची खरी नॉर्मलिटी प्राथमिक प्रमाणाशी ताडून काढायची.

कॉलेजमध्ये त्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. स्वस्त आहे, सहज मिळतं. पण त्याच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात आणि कोरड्या गरम हवेत ते सुटू लागतात. मे महिन्यात बाटली नीट बंद नसेल तर चकचकीत स्फटिकांवर पांढरट भुकटी धरलेली दिसते. ते वजन करून १२६.०७ या रेणुभाराने हिशेब मांडला, तर आम्ल प्रत्यक्षात जास्त आणि कागदावर कमी. मी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट घेते. लॅबमध्ये सगळे त्याला केएचपी म्हणतात. ते ओलावा धरत नाही. रेणुभार २०४.२२, म्हणजे वजन बऱ्यापैकी मोठं घ्यावं लागतं आणि तराजूची बारीक चूक त्यात विरून जाते.

केएचपी ११० ते १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये वाळवा आणि डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद डब्यात) निदान अर्धा तास गार होऊ द्या. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी हवी. गुलाबी झाली असेल तर तो डेसिकेटर नुसता काचेचा डबा आहे. गरम बाटली तराजूवर ठेवू नका: तिच्याभोवतीची तापलेली हवा वर चढते आणि वजन कमी दिसतं.

आता कूलर. एप्रिल ते जून कूलरशिवाय आमची लॅब चालत नाही. पण त्याचा झोत तराजूकडे असला की चौथ्या दशांशाचा आकडा नाचत राहतो, दारं लावली तरी. वजनापुरता कूलर बंद. घाम येतो, त्याला इलाज नाही. फक्त बाटलीला उघडा हात लावू नका, घामाचा ठसाही वजनात येतो.

२५० मिली ०.१ नॉर्मल द्रावणाला ५.१०५५ ग्रॅम केएचपी लागतं. नवीन पोरं नेमका हाच आकडा यावा म्हणून चिमटी-चिमटी टाकत-काढत बसतात. त्याची काहीही गरज नाही. पाच ग्रॅमच्या आसपास घ्या, तराजू जे दाखवेल ते चारही दशांशांसकट लिहा आणि नॉर्मलिटी त्यावरून काढा. समजा ५.०८७२ ग्रॅम आलं. त्याला ५१.०५५ ने (पाव लिटर गुणिले २०४.२२) भागा: ०.०९९६४ नॉर्मल. ओढूनताणून आणलेल्या ०.१००० पेक्षा हा आकडा कितीतरी चांगला.

पदार्थ बीकरमध्ये विरघळवा, फनेलमधून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या, बीकर आणि फनेल वॉश बॉटलने तीन-चारदा धुऊन ते पाणीही आतच जाऊ द्या. केएचपी हळू विरघळतं म्हणून कोमट पाणी घेतलं तर चालतं, पण खुणेपर्यंत भरायचं ते द्रावण पूर्ण निवल्यावरच. शेवटचे थेंब ड्रॉपरने. मग बूच लावून फ्लास्क उलटासुलटा करा, दहा-पंधरा वेळा तरी. लांब मानेत राहिलेलं पाणी एक-दोन झटक्यांत मिसळत नाही.

खूण बरोबर आहे, पण किती अंशांना?

फ्लास्कच्या पोटावर बारीक अक्षरांत तापमान छापलेलं असतं. भारतीय मानकाप्रमाणे बनलेल्या काचेवर २७ अंश, बाहेरून आलेल्या काचेवर बहुधा २० अंश. आमच्या कपाटात दोन्ही आहेत, तुमच्याही असतील. ती खूण फक्त त्या तापमानाला खरी.

हा फरक किती, ते एकदा हिशेबाने पाहा. पाण्याची घनता २७ अंशांना ०.९९६५ आणि ४० अंशांना ०.९९२२ ग्रॅम प्रति मिली. म्हणजे २७ अंशांना काठोकाठ बरोबर केलेलं एक लिटर द्रावण ४० अंशांना सुमारे चार मिलीने फुगतं. काचही प्रसरण पावते, पण नगण्य. आत पदार्थ तेवढाच, जागा जास्त: ०.१००० चं ०.०९९६ होतं. २५ मिलीच्या टायट्रेशनमध्ये हा ०.१ मिलीचा फरक, म्हणजे ब्युरेटचे दोन थेंब. ए क्लासच्या ५० मिली ब्युरेटला ०.०५ मिलीची सूट असते. आपण त्या सुटीसाठी जास्तीचे पैसे मोजतो आणि दुप्पट चूक उन्हाने फुकट देतो.

दोन्ही द्रावणं एकाच तापमानाला असतील तर दोन्ही सारखीच फुगतात आणि ही चूक बरीचशी कापली जाते. खरा घोटाळा होतो तो एक बाटली एसीच्या खोलीतून आणि दुसरी पश्चिमेच्या खिडकीखालून उचलली की. आमचा नियम साधा आहे: ज्यांचं टायट्रेशन करायचं ती सगळी द्रावणं आदल्या संध्याकाळपासून एकाच टेबलावर. मोजमापाचं काम सकाळी अकराच्या आत. टेबलावर साधा थर्मामीटर, आणि प्रत्येक रीडिंगच्या ओळीत तापमानाचा रकाना.

अजून एक गोष्ट बघा. अर्धी रिकामी बाटली रात्रभर राहिली की तिच्या वरच्या भागात आतून पाण्याचे थेंब जमतात. ते शुद्ध पाणी आहे, खालच्या द्रावणातूनच उडालेलं. म्हणजे खालचं द्रावण तेवढं तीव्र झालेलं असतं. बाटली उघडायच्या आधी बंद असतानाच नीट हलवून ते थेंब परत आत घ्या. बूच सैल असेल तर ते पाणी बाहेरच गेलेलं असतं, मग पुन्हा प्रमाणीकरण करण्यावाचून गत्यंतर नाही.

कॉस्टिक

लिटरभर पाण्यात चार ग्रॅम गोळ्या टाकल्या की ०.१ नॉर्मल झालं, ही कॉलेजची रीत. गोळ्यांवर कार्बोनेटचा थर असतो आणि तो फिनॉल्फ्थॅलिनचा (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या इंडिकेटरचा) एंड पॉईंट, म्हणजे थांबायचा क्षण, खराब करतो. त्यापेक्षा वजनाने निम्मं कॉस्टिक आणि निम्मं पाणी असं दाट द्रावण करून ठेवा. एवढ्या तीव्र कॉस्टिकमध्ये कार्बोनेट विरघळत नाही. चार दिवसांत तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण सुमारे १९ नॉर्मल असतं. त्यातलं सव्वापाच मिली, उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात, एक लिटरला.

हे दाट द्रावण करताना ते भयंकर तापतं. प्लास्टिकचं बीकर बर्फाच्या टबात ठेवा, कॉस्टिक पाण्यात थोडं-थोडं टाका आणि चष्मा लावा. उकाडा होतो म्हणून चष्मा काढणाऱ्याला मी त्या दिवशी नुसतं रजिस्टर लिहायला बसवते.

साठवण पॉलिथिनच्या बाटलीत. काचेचं बूच कॉस्टिकने चिकटून बसतं, ब्युरेटच्या काचेच्या कॉकची, म्हणजे तोटीचीही तीच गत. टेफ्लॉनचा कॉक घ्या. तो नसेल तर एकोणिसाव्या शतकात मोर या जर्मन रसायनतज्ज्ञाने रूढ केलेली रबरी नळी-चिमट्याची ब्युरेट कॉस्टिकला आजही उत्तम. त्यात परमँगनेट किंवा आयोडिन मात्र भरू नका, ते रबर खातात.

ब्युरेट हातात घेतल्यावर

ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायचे त्याच द्रावणाने आधी दोनदा खंगाळा. कॉनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड पाण्याने. तो द्रावणाने खंगाळला तर मोजून घेतलेल्या २५ मिलीत न मोजलेली भर पडते. फ्लास्क ओला असला तरी बिघडत नाही.

भरल्यावर फनेल काढा. त्याच्या टोकाला लटकलेला थेंब मधेच पडतो आणि तुम्ही शोधत बसता. कॉकखालच्या टोकात हवेचा बुडबुडा आहे का ते पाहा. असेल तर कॉक पूर्ण उघडून एका धारेत काढा. तो टायट्रेशन चालू असताना निघाला, तर तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न जाता नुसतं आकड्यात जातं.

डावा हात ब्युरेटला मागून वळसा घालून कॉकवर, उजव्या हातात फ्लास्क, खाली पांढरी टाइल. सुरुवातीला धार चालेल. द्रावण पडतं तिथे गुलाबी छटा जरा रेंगाळू लागली की थेंबावर या. शेवटी अर्धा थेंब. तो असा घ्या: कॉक इतकाच किलकिला करा की टोकाला थेंब धरेल पण सुटणार नाही. फ्लास्कची आतली कड त्या थेंबाला टेकवा, थेंब काचेवर उतरेल. वॉश बॉटलची बारीक धार मारून तो खाली घ्या आणि फ्लास्क फिरवा. याला सरावाशिवाय पर्याय नाही. मी पोरांना नुसतं पाणी भरून तासभर अर्धे थेंब काढायला लावते. कंटाळतात, पण हात बसतो.

फिनॉल्फ्थॅलिनचा रंग फिकट हवा, इतका की टाइलशिवाय संशय यावा, आणि तो अर्धा मिनिट टिकावा. नंतर उडाला तर उडू द्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला खातोच. गडद गुलाबी म्हणजे तुम्ही पुढे गेलात.

रीडिंग डोळ्याच्या पातळीत, द्रावणाच्या वरच्या वक्राच्या तळाशी. मागे अर्धं काळं अर्धं पांढरं कार्ड धरलं की तळ ठसठशीत दिसतो. ब्युरेटवरच्या खुणा ०.१ मिलीच्या, त्यांच्या मधला भाग नजरेने ठरवा आणि दोन दशांशांत लिहा. २४.३५, २४.४०, २४.३५ ही खऱ्या माणसाची रीडिंग आहेत. १०.२, १०.२, १०.२ दिसलं की मला पहिलं रीडिंग घेतल्याची खात्री असते, बाकीच्या दोनांची नाही. सी.बी.आर.च्या चौकटीने मुलांना रीडिंग घ्यायला शिकवण्याऐवजी जुळवायला शिकवलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

वरच्या केएचपीचे २५ मिली घेतले आणि कॉस्टिक २४.३५ मिली लागलं, तर कॉस्टिकची नॉर्मलिटी २५ गुणिले ०.०९९६४ भागिले २४.३५, म्हणजे ०.१०२३. बाटलीवर हेच लिहायचं. सोबत तारीख, तापमान आणि करणाऱ्याचं नाव.

संत्र्याचा रस

आमच्याकडे हंगामात सगळ्यात जास्त येणारं काम. काटोल-नरखेडकडचे बागायतदार आणि रसवाले, दोघांनाही एकच माहिती हवी असते: गोडीच्या मानाने आंबटपणा किती? गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर बघता येते, आंबटपणाला टायट्रेशनच. हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा आंबिया बहर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा मृग बहर, दोन्हींचे आकडे वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

रस गाळून घ्या, चोथा पिपेटमध्ये अडकतो. १० मिली रस, त्यात उकळून गार केलेलं पाणी घालून १०० मिलीपर्यंत. पाणी उकळलेलंच हवं, नाहीतर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा आंबटपणाही संत्र्याच्या नावावर जमा होतो. फिनॉल्फ्थॅलिन दोन-तीन थेंब. रसाच्या केशरी-पिवळ्या रंगात गुलाबी ओळखणं कठीण, त्यासाठीच तर तो पातळ करायचा. शेजारी तेवढाच पातळ केलेला रस, इंडिकेटर न घालता, दुसऱ्या फ्लास्कमध्ये ठेवा. फरक लगेच कळतो. तरी शंका वाटली तर पीएच मीटर बुडवून ८.२ ला थांबा.

०.१०२३ नॉर्मल कॉस्टिक १०.६ मिली लागलं असं धरा. सायट्रिक आम्लाचा तुल्यभार ६४.०४. तिन्हींचा गुणाकार ६९.४ मिलिग्रॅम, तोही १० मिली रसात. शंभर मिलीत ०.६९ ग्रॅम. हिशेबात ०.१ धरलं असतं तर ०.६८ आलं असतं. घरच्या सरबताला हा फरक कळणार नाही, पण गोडी-आंबटपणाच्या गुणोत्तरावर माल घ्यायचा की नाही ठरतं तिथे भांडण याच आकड्यावरून होतं.

बोअरचं पाणी

कूलरच्या ताट्यांवर पांढरा कडक थर धरतो तो नागपुरात कोणाला सांगावा लागत नाही. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. बेसा, मनीषनगरकडच्या नव्या ले-आऊटमधले लोक बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन येतात आणि तो थर नखाने खरवडून पुडीत बांधूनही आणतात. पुडीची गरज नसते.

कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या ईडीटीएच्या डायसोडियम मिठाचं ३.७२२ ग्रॅम एक लिटरला, म्हणजे ०.०१ मोलर. प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. प्रमाण म्हणून कॅल्शियम कार्बोनेट: वाळवलेलं १.००० ग्रॅम थोड्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, उकळून वायू घालवून, आम्ल अमोनियाने उदासीन करून एक लिटर करा. त्याच्या दर मिलीत एक मिलिग्रॅम कार्बोनेट, आणि त्याला ईडीटीएही एकच मिली लागतं.

पाण्याचा नमुना ५० मिली, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) एक-दोन मिली, म्हणजे पीएच १० च्या आसपास येतो. बफर अमोनियाचा असतो आणि उन्हाळ्यात त्यातला अमोनिया उडून जातो. पीएच घसरला की एंड पॉईंट ओढल्यासारखा लांबतो: लाल, जांभळा, जांभळा, पुन्हा जांभळाच. अशा वेळी पाण्याला दोष देण्याआधी बफर बदलून बघा. आणि तीव्र अमोनियाची बाटली मे महिन्यात तशीच उघडू नका. आत दाब साठलेला असतो. आधी बर्फाच्या पाण्यात गार करा, मग फ्युम हूडमध्ये, तोंड बाजूला ठेवून.

इंडिकेटर इरिओक्रोम ब्लॅक टी. त्याचं द्रावण लवकर खराब होतं; साध्या मिठात शंभराला एक या प्रमाणात खलून ठेवा आणि चिमूटभर टाका. द्राक्षाच्या वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत जायचं, शेवटची लाल छटा संपेपर्यंत. शेवटचे थेंब चार-पाच सेकंदांच्या अंतराने, कारण ही अभिक्रिया तिथे मंदावते. पण बफर घातल्यापासून पाच मिनिटांत सगळं आटपा, नाहीतर कार्बोनेट खाली बसू लागतं.

ईडीटीएचे १७.६ मिली लागले, तर ५० मिलीत १७.६ मिलिग्रॅम कार्बोनेट, लिटरला ३५२. आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा २०० पर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. "मग प्यायचं का नाही?" हा प्रश्न ठरलेला. मी सांगते, या आकड्यावरून डाळ शिजायला वेळ का लागतो ते कळेल. प्यायचं की नाही त्यासाठी नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतूंची तपासणीही करून घ्या.

आयोडिन आणि परमँगनेट

आयोडिनचं काम उन्हाळ्यात सकाळीच उरका. ते उडतं, शिवाय त्याचा इंडिकेटर असलेल्या स्टार्चचा निळा रंग उष्णतेने फिका पडतो. स्टार्च घालायचा तो द्रावण गवताच्या काडीइतकं फिकट पिवळं झाल्यावर, आधी नाही. आयोडिनसाठी ब्युरेटमध्ये घ्यायचं थायोसल्फेट उकळून गार केलेल्या पाण्यात करा आणि चिमूटभर सोडियम कार्बोनेट टाका, टिकतं.

परमँगनेट सोडियम ऑक्झलेटशी ताडा, सौम्य सल्फ्युरिक आम्लात, साठ अंशांच्या आसपास. हायड्रोक्लोरिक आम्ल नको, परमँगनेट क्लोराइडलाही खातं. पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागतो म्हणून घाबरू नका. मँगनीज तयार झालं की पुढचे पटापट जातात. द्रावण गडद असल्याने रीडिंग वक्राच्या वरच्या कडेला. गाळताना काचेची लोकर वापरा, फिल्टर पेपर नको. बाटली तपकिरी.

काम झालं की ब्युरेट लगेच रिकामी करून धुवा आणि डिस्टिल्ड पाण्याने भरून, वर छोटी टेस्ट ट्यूब उपडी घालून ठेवा. परमँगनेटचे तपकिरी डाग राहिले तर ऑक्झॅलिक आम्लाच्या कोमट, किंचित आम्लधर्मी द्रावणाने निघतात. कॉलेजातून आणलेली ती भुकटी धरलेली बाटली याच कामाला वापरा.